एलिमेंट समोर दिसतंय, तरी सापडत नाही: आयफ्रेममध्ये शिरायचं कसं

स्क्रीनवर ‘पुढे जा’ हे बटण स्वच्छ दिसतंय. तुम्ही राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट केलंत, त्याचा एक्सपाथ (बटणापर्यंत पोचायचा पानातला लेखी रस्ता) कॉपी केलात, स्क्रिप्टमध्ये टाकलात, रन केलंत. सेलेनियम, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणारं टेस्टिंगचं साधन, म्हणतं, ‘नो सच एलिमेंट’. स्पेलिंग तपासलं, बरोबर आहे. थांबायची वेळ वाढवली, तरी तोच एरर. ऑटोमेशन शिकताना बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते.

माझ्यावर ती एका विमा अर्जाच्या पोर्टलवर आली. पत्त्याचा रकाना भरायचा होता. दोन दिवस मी एक्सपाथ बदलत बसले: आधी आयडीवरून, मग नावावरून, मग शेजारच्या लेबलवरून, शेवटी पार मुळापासूनचा लांबलचक. मधे वीस सेकंदांचा स्लीपही घालून पाहिला. टीममधल्या एका अनुभवी सहकाऱ्याने माझा कोड न बघताच विचारलं, “तुझा ड्रायव्हर आत्ता कोणत्या डॉक्युमेंटमध्ये उभा आहे?” (ड्रायव्हर म्हणजे स्क्रिप्टच्या वतीने ब्राउझर चालवणारा सेलेनियमचा भाग.) मला तेव्हा प्रश्नच समजला नव्हता. आज नव्या मुलामुलींना शिकवताना मी लोकेटरच्याही (एलिमेंट शोधायच्या पत्त्याच्याही) आधी हाच प्रश्न शिकवते, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच भोवती आहेत.

उदाहरणं पायथन आणि सेलेनियम ४ ची आहेत. कोडच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; एडिटरमध्ये त्या नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. अंडरस्कोर, डॉट आणि कंस जिथे दिसतात तिथेच ठेवा.

पानाच्या आत पान

आयफ्रेम हा एचटीएमएलचा एक टॅग. त्याच्या ‘सोर्स’ या ॲट्रिब्यूटमध्ये दुसऱ्या पानाचा पत्ता असतो आणि ब्राउझर ते दुसरं पान पहिल्या पानातल्या एका चौकोनात आणून दाखवतो. बघणाऱ्याला सगळं मिळून एकच पान वाटतं. ब्राउझरसाठी मात्र ती दोन वेगळी डॉक्युमेंट्स आहेत. आतल्या डॉक्युमेंटला स्वतःचा एचटीएमएल टॅग, स्वतःचं हेड, स्वतःची बॉडी असते. बाहेरच्या पानाच्या झाडात, म्हणजे टॅगच्या आत टॅग अशा रचनेत, आयफ्रेम हे फक्त एक पान असतं, झाडाचं पान म्हणतात तसं. त्याच्या पुढे फांदी नाही.

एक्सपाथ किंवा सीएसएस सिलेक्टर (एलिमेंट ओळखायची दुसरी रीत) एका वेळी एकाच डॉक्युमेंटमध्ये शोधतो. एक्सपाथच्या सुरुवातीचे दोन तिरपे दांडे म्हणजे ‘या डॉक्युमेंटमध्ये कुठेही’. ‘स्क्रीनवर कुठेही’ असा त्याचा अर्थ कधीच नसतो. दिवाणखान्यात उभं राहून ‘कुठेही असलेलं कपाट’ शोधलं तर दिवाणखान्यातलंच मिळणार. आतल्या खोलीतल्या कपाटासाठी उंबरठा ओलांडावा लागतो.

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २०१८ च्या जूनमध्ये वेबड्रायव्हर, म्हणजे स्क्रिप्टने ब्राउझर कसा चालवायचा याचे नियम, हे अधिकृत मानक म्हणून जाहीर केलं. त्यात हे चोख मांडलंय: प्रत्येक सेशनला एक ‘चालू ब्राउझिंग कॉन्टेक्स्ट’ असतो आणि एलिमेंट शोधायची प्रत्येक आज्ञा त्या कॉन्टेक्स्टमधल्या डॉक्युमेंटवरच चालते. पान उघडलं की ड्रायव्हर सगळ्यात बाहेरच्या डॉक्युमेंटमध्ये असतो. तुम्ही सांगितल्याशिवाय तो आत जात नाही, आणि एकदा आत गेला की सांगितल्याशिवाय बाहेरही येत नाही. नवख्यांना पहिला अर्धा भाग लवकर कळतो. त्रास होतो तो दुसऱ्या अर्ध्याचा.

फ्रेम भेटतात कुठे? पेमेंटच्या खिडक्यांमध्ये, मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये, पानात चिकटवलेल्या गूगल मॅप्समध्ये, यूट्यूबच्या व्हिडिओत, ‘मी रोबो नाही’च्या चौकटीत, कोपऱ्यातल्या चॅटच्या फुग्यात. ऑफिसांतर्गत जुन्या प्रणालींमध्ये आयफ्रेमचा थोरला भाऊ, म्हणजे फ्रेमसेट, अजून सापडतो: डावीकडे मेनू, वर पट्टी, मधे मजकूर, आणि तिन्ही वेगळी पानं. एचटीएमएल ५ ने २०१४ मध्ये फ्रेमसेट कालबाह्य ठरवला, पण ब्राउझर तो अजून दाखवतात, त्यामुळे तो टेस्टही करावा लागतो.

पेमेंटमधल्या फ्रेममागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कार्डाचा नंबर दुकानाच्या साइटला दिसता कामा नये, तो थेट पेमेंट कंपनीकडेच जायला हवा. वेगळ्या डोमेनवरून आलेल्या फ्रेममधलं काहीही बाहेरच्या पानाच्या जावास्क्रिप्टला वाचता येत नाही. ब्राउझरचा सेम-ओरिजिन नियम ते अडवतो. रेझरपेचं चेकआउट याच पद्धतीने आयफ्रेममध्ये उघडतं. स्ट्राइपमध्ये कार्डाचे रकानेही स्ट्राइपच्या डोमेनवरून आलेल्या आयफ्रेममध्ये असतात. म्हणजे ही फ्रेम डेव्हलपरने तुम्हाला छळायला घातलेली नाही. ती ग्राहकाच्या पैशांची राखण करते आहे. ती ‘काढून टाका’ म्हणून डेव्हलपरशी भांडू नका.

पहिली पायरी: फ्रेम आहे का ते बघा

कोडला हात लावण्याआधी ब्राउझरमध्येच खात्री करा. सगळ्यात झटपट युक्ती राइट-क्लिकची. हव्या त्या बटणाच्या आसपास मोकळ्या जागेत राइट-क्लिक करा. क्रोममध्ये मेनूत ‘व्ह्यू फ्रेम सोर्स’ आणि ‘रीलोड फ्रेम’ दिसलं, किंवा फायरफॉक्समध्ये ‘धिस फ्रेम’ असा उपमेनू आला, की तुम्ही फ्रेमच्या आत आहात. पाच सेकंदांचं काम आहे. काही साइटनी राइट-क्लिक बंद केलेलं असतं. तिथे पुढची रीत वापरा.

डेव्हटूल्स (ब्राउझरमधली इन्स्पेक्टची खिडकी) उघडा, एलिमेंट्सच्या टॅबमध्ये तुमचं बटण निवडा आणि तिथून वरवर सरकत जा. एका ठिकाणी हॅशचं चिन्ह आणि पुढे ‘डॉक्युमेंट’ असं लिहिलेली ओळ लागली तर थांबा. तिच्या लगेच वर आयफ्रेमचा टॅग असेल. तो उंबरठा. पण तिथेच समाधान मानू नका, पानाच्या मुळापर्यंत जा. वाटेत अशी ओळ दोनदा लागली तर फ्रेमच्या आत फ्रेम आहे. बँकेच्या ओटीपीचं पान पेमेंटच्या फ्रेमच्या पोटात उघडतं तेव्हा असं होऊ शकतं.

इथे एक फसगत आहे, आणि माझे दोन दिवस तिनेच खाल्ले. डेव्हटूल्समध्ये एलिमेंटवर राइट-क्लिक करून ‘कॉपी फुल एक्सपाथ’ केलं की मिळणारा रस्ता एचटीएमएल, बॉडी असा सुरू होतो आणि मुळापासूनचा वाटतो. पण तो आतल्या डॉक्युमेंटच्या मुळापासूनचा असतो. वाटेतल्या आयफ्रेमचा त्यात उल्लेखही नसतो. रस्ता बरोबर असतो, पण तो दुसऱ्याच गावातला असतो.

आता स्क्रिप्टकडून मोजणी करून घ्या:

फ्रेम्स = ड्रायव्हर.फाइंड_एलिमेंट्स(बाय.टॅग_नेम, "आयफ्रेम")

या यादीवर फेरी मारून प्रत्येकाचा आयडी, नाव, टायटल आणि सोर्स छापा. पानावर दोनच फ्रेम असतील असं वाटत असताना सात निघतात, कारण जाहिराती आणि मोजमाप करणाऱ्या सेवा डोळ्यांना न दिसणाऱ्या फ्रेम घालतात. यादी रिकामी आली तर लगेच ‘फ्रेम नाही’ असं ठरवू नका. जुन्या फ्रेमसेटमधल्या फ्रेमचा टॅग ‘आयफ्रेम’ नसून नुसता ‘फ्रेम’ असतो. त्या नावानेही एकदा शोधा.

दुसरी पायरी: फ्रेमची ओळख पक्की करा

आत जाण्याची आज्ञा एकच, पण तिला ओळख तीन तऱ्हांनी देता येते.

क्रमांकाने:

ड्रायव्हर.स्विच_टू.फ्रेम(०)

मोजणी शून्यापासून असते, म्हणून हा पहिला फ्रेम. शिकवण्यांमध्ये हीच रीत आधी दाखवतात, कारण ती सगळ्यात छोटी आहे. प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये ती वापरू नका, असं मी स्पष्ट सांगेन. मार्केटिंगच्या टीमने पानावर चॅटचा फुगा आणला की सगळे क्रमांक सरकतात, आणि तुमची स्क्रिप्ट पेमेंटच्या फ्रेमऐवजी चॅटमध्ये शिरून कार्डाचा रकाना शोधत बसते.

आयडीने किंवा नावाने:

ड्रायव्हर.स्विच_टू.फ्रेम("पेमेंट-फ्रेम")

नाव डेव्हलपरने ठरवून दिलेलं आणि स्थिर असेल तर ही रीत उत्तम. पण पान दोनदा रीलोड करून नाव तेच राहतं का ते बघा. स्ट्राइपच्या फ्रेमच्या नावात आकडे असतात आणि ते बदलतात. आज चाललेलं नाव उद्या चालणार नाही.

तिसरी रीत मला सगळ्यात भरवशाची वाटते: आयफ्रेमचा टॅग हेही बाहेरच्या डॉक्युमेंटमधलं एक एलिमेंटच आहे, तेव्हा ते नेहमीसारखं सीएसएस सिलेक्टरने शोधायचं आणि ते एलिमेंटच आज्ञेच्या हातात द्यायचं.

चौकट = ड्रायव्हर.फाइंड_एलिमेंट(बाय.सीएसएस_सिलेक्टर, "आयफ्रेम[टायटल*='पेमेंट']")
ड्रायव्हर.स्विच_टू.फ्रेम(चौकट)

चौकोनी कंसातला तारा आणि बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘या ॲट्रिब्यूटमध्ये हा शब्द कुठेतरी आहे’. टायटलऐवजी सोर्समधला डोमेनचा तुकडाही चालतो. सोर्सचा पूर्ण पत्ता मात्र घेऊ नका. त्याच्या शेपटीला अनेकदा दर वेळी बदलणारा सेशनचा कोड लटकलेला असतो.

टायटलला मी पहिली पसंती देते. आयफ्रेमला अर्थपूर्ण टायटल असणं ही स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तींची गरज आहे: त्यांना चौकटीत काय आहे ते त्या टायटलवरूनच कळतं. तुमच्या प्रोजेक्टमधल्या फ्रेमला टायटल नसेल तर तो सुलभतेचा दोष म्हणून रीतसर नोंदवा. दुरुस्ती झाली की त्या व्यक्तींचं काम सोपं होतं आणि तुमच्या टेस्टला टिकाऊ ओळख मिळते.

तिसरी पायरी: थांबा, मग आत जा, मग पुन्हा थांबा

आयफ्रेमचा टॅग पानात येणं आणि त्याच्या आतलं पान लोड होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. कित्येकदा टॅग आधी रिकाम्या डॉक्युमेंटसह येतो आणि खरा मजकूर थोड्या वेळाने. म्हणून माझी प्रत्येक फ्रेम-प्रवेशाची सुरुवात अशी होते:

वेट = वेबड्रायव्हरवेट(ड्रायव्हर, १०)
वेट.अंटिल(ईसी.फ्रेम_टू_बी_अव्हेलेबल_अँड_स्विच_टू_इट((बाय.सीएसएस_सिलेक्टर, "आयफ्रेम[टायटल*='पेमेंट']")))

ईसी म्हणजे एक्सपेक्टेड कंडिशन्स, सेलेनियममधल्या तयार अटींचा संच. ही अट फ्रेम मिळेपर्यंत जास्तीत जास्त दहा सेकंद थांबते आणि मिळताक्षणी स्वतःच आत जाते. वेगळी स्विचची ओळ लिहायची नाही. लिहिलीत तर ड्रायव्हर आतल्या डॉक्युमेंटमध्ये त्याच फ्रेमचा आणखी एक अवतार शोधेल आणि स्क्रिप्ट पडेल. आतले कंस दोन-दोन आहेत तेही मुद्दाम: लोकेटर ही जोडी म्हणून द्यावी लागते.

आत पोचल्यावर लगेच क्लिक करू नका. ज्याला हात लावायचाय त्या एलिमेंटसाठी दुसरा वेट लावा. पहिला वेट दारासाठी होता, हा सामानासाठी. नवख्यांच्या ज्या टेस्ट ‘माझ्या लॅपटॉपवर चालतात पण सर्व्हरवर कधी चालतात, कधी नाही’ अशा असतात, त्यात हा दुसरा वेट हमखास गाळलेला आढळतो.

लांब पानावर खाली असलेला फ्रेम दहा सेकंद थांबूनही भरलेला दिसत नसेल तर त्याच्या टॅगमध्ये ‘लोडिंग’ हे ॲट्रिब्यूट ‘लेझी’ आहे का ते बघा. असा फ्रेम नजरेच्या टप्प्यात आल्याशिवाय ब्राउझर त्याचं पान मागवतच नाही. आधी तिथवर स्क्रोल करायचं, मग थांबायचं.

चौथी पायरी: बाहेर येणं

बाहेर यायचे रस्ते दोन.

ड्रायव्हर.स्विच_टू.पॅरेंट_फ्रेम()
ड्रायव्हर.स्विच_टू.डिफॉल्ट_कंटेंट()

पहिली आज्ञा एक उंबरठा मागे आणते. दुसरी कितीही खोल असलात तरी थेट सगळ्यात बाहेरच्या डॉक्युमेंटमध्ये आणते. फ्रेम एकच असेल तर दोन्हींचा परिणाम सारखा, म्हणूनच फरक लक्षात येत नाही. तो हाताला जाणवावा यासाठी ‘द-इंटरनेट’ नावाच्या सरावाच्या साइटवरचं ‘नेस्टेड फ्रेम्स’ हे पान घ्या. ही साइट हेरोकूवर आहे आणि टेस्टिंगच्या सरावासाठीच बनवलेली आहे.

त्या पानाची रचना अशी: वर ‘फ्रेम-टॉप’, खाली ‘फ्रेम-बॉटम’. फ्रेम-टॉपच्या पोटात तीन फ्रेम शेजारी शेजारी: ‘फ्रेम-लेफ्ट’, ‘फ्रेम-मिडल’, ‘फ्रेम-राइट’. पान उघडून आधी ‘आयफ्रेम’ टॅग मोजा. शून्य येईल, कारण हे जुन्या पद्धतीचे फ्रेमसेट आहेत. ‘फ्रेम’ टॅग मोजा. दोनच येतील, पाच नाही, कारण आतले तीन हे फ्रेम-टॉपच्या डॉक्युमेंटमध्ये आहेत आणि तुम्ही अजून बाहेर उभे आहात. या एका आकड्यात अख्खा विषय आहे, तेव्हा तो स्वतः छापून बघा.

मधला मजकूर वाचायचा असेल तर दोन उंबरठे ओलांडायचे:

ड्रायव्हर.स्विच_टू.फ्रेम("फ्रेम-टॉप")
ड्रायव्हर.स्विच_टू.फ्रेम("फ्रेम-मिडल")

आता ‘कंटेंट’ या आयडीचं एलिमेंट शोधलंत की त्यातून ‘मिडल’ हा शब्द मिळेल. बाहेरून थेट फ्रेम-मिडल मागितला असता तर ‘नो सच फ्रेम’ आला असता. खोलातल्या फ्रेमचं नाव माहीत असलं तरी उडी मारता येत नाही, एकेक दार उघडावं लागतं.

आता इथूनच फ्रेम-बॉटममध्ये जायचंय. थेट मागा: नो सच फ्रेम. पॅरेंट-फ्रेम करा आणि मग मागा: तरीही नो सच फ्रेम, कारण आता तुम्ही फ्रेम-टॉपमध्ये आहात आणि बॉटम हा टॉपचा मुलगा नाही, भाऊ आहे. डिफॉल्ट-कंटेंट करा आणि मागा: मिळतो. भावाकडे जायचं तर आधी आईकडे यावं लागतं.

बाहेर यायला विसरणं ही फ्रेमच्या कामातली सगळ्यात मोठी चूक, कारण एरर चुकीच्या जागी येतो. पेमेंटची टेस्ट पास होते आणि पुढची ‘लॉगआउट’ची टेस्ट पडते. माणूस लॉगआउटच्या बटणात दोष शोधत बसतो. ड्रायव्हर मात्र अजून पेमेंटच्या फ्रेममध्येच उभा असतो. यावर उपाय म्हणून फ्रेममधलं सगळं काम ‘ट्राय’मध्ये ठेवा आणि डिफॉल्ट-कंटेंटची ओळ ‘फायनली’मध्ये. आत काहीही बिघडलं तरी ड्रायव्हर बाहेर येतोच. पायथनमध्ये याचा छोटा कॉन्टेक्स्ट मॅनेजर करून ठेवला तर ‘विथ’च्या खाली आत सरकवलेल्या ओळी म्हणजे फ्रेमच्या आतलं काम, असं कोड नुसता बघूनही कळतं. पेज ऑब्जेक्ट (प्रत्येक पानासाठी वेगळा क्लास लिहायची पद्धत) वापरत असाल तर फ्रेममध्ये जाणं-येणं त्या क्लासच्या मेथडमध्येच राहू द्या. टेस्ट लिहिणाऱ्याला ‘कार्ड भरा’ एवढंच दिसावं.

एडिटर: अर्धा आत, अर्धा बाहेर

मजकूर लिहायच्या एडिटरवर थोडं जास्त बोलते, कारण तिथे आत-बाहेर सतत करावं लागतं. टायनी-एमसीई हा पुष्कळ ठिकाणी दिसणारा एडिटर घ्या. त्याच्या नेहमीच्या मांडणीत लिहायची पांढरी जागा आयफ्रेममध्ये असते आणि त्या आयफ्रेमच्या आयडीच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘आयएफआर’ ही अक्षरं असतात. पण ठळक, तिरपं, यादी अशी बटणं असलेली टूलबार बाहेरच्या डॉक्युमेंटमध्ये असते. डोळ्यांना दोन्ही एकाच चौकटीत दिसतात.

‘मजकूर लिहा आणि तो ठळक करा’ एवढ्या साध्या टेस्टचा क्रम मग असा होतो. फ्रेममध्ये जा. बॉडी टॅग शोधून त्यावर क्लिक करा. इथे इनपुटचा रकाना नसतो, आतल्या पानाची बॉडीच लिहिण्याजोगी केलेली असते. मजकूर पाठवा, कंट्रोल-ए ने निवडा. डिफॉल्ट-कंटेंट करून बाहेर या, ठळकचं बटण दाबा. पुन्हा आत जा आणि मजकुराभोवती ‘स्ट्राँग’ टॅग आला का ते तपासा. दुसऱ्यांदा आत गेल्यावर पहिल्या वेळी शोधून ठेवलेलं बॉडीचं व्हेरिएबल वापरायचा मोह टाळा, नव्याने शोधा. एका डॉक्युमेंटमध्ये धरलेलं एलिमेंट दुसऱ्या डॉक्युमेंटमध्ये उभं राहून वापरलं तर एरर येतोच, आणि फ्रेम मधल्या काळात नव्याने बनला असेल तर ‘स्टेल एलिमेंट’ (धरलेलं एलिमेंट आता पानात नाही) मिळतो.

मराठी साइट तपासणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. सेंड-कीज या टाइप करायच्या आज्ञेने देवनागरी मजकूर पाठवता येतो, क्रोममध्येही. क्रोमड्रायव्हर युनिकोडच्या पहिल्या मूलभूत पट्ट्यातलीच अक्षरं स्वीकारतो आणि देवनागरी त्या पट्ट्यात आहे. बहुतेक इमोजी त्याबाहेरचे, म्हणून त्यांना नकार मिळतो. पण मजकूर परत वाचून तुलना करताना जपा. ‘दुसऱ्या’मधला ऱ हा युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो, आणि साधा र व त्याखाली नुक्ता असाही. डोळ्यांना दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने दोन्ही बाजू नॉर्मलाइझ करून (एकाच रूपात आणून) मगच असर्ट, म्हणजे निकालाची तपासणी, लिहा.

अडकलात की

पुन्हा तोच प्रश्न: ड्रायव्हर कुठे उभा आहे? उत्तर शोधताना टायटल आणि करंट-यूआरएल या दोन प्रॉपर्टींवर विसंबू नका. फ्रेमच्या आत असतानाही त्या सगळ्यात बाहेरच्या पानाचंच टायटल आणि पत्ता सांगतात. खरं उत्तर दोन ठिकाणी मिळतं. पेज-सोर्स छापा: तो चालू फ्रेमचा असतो. किंवा ही ओळ चालवा:

प्रिंट(ड्रायव्हर.एक्झिक्यूट_स्क्रिप्ट("रिटर्न विंडो.लोकेशन.एचरेफ"))

ही चालू फ्रेमचा पत्ता सांगते. अडलेल्या ओळीच्या लगेच वर ही ठेवली की बहुतेक वेळा कोडं तिथेच सुटतं.

एक एरर नवख्यांना फार घाबरवतो: ‘नो सच विंडो’. ब्राउझर तर उघडा दिसतोय, मग विंडो नाही कशी? पेमेंट पूर्ण झालं की साइट तो फ्रेम पानातून काढून टाकते. ड्रायव्हर ज्या डॉक्युमेंटमध्ये उभा होता तेच नाहीसं झालं. फायरफॉक्सचा संदेश जास्त बोलका आहे, तो सांगतो की ब्राउझिंग कॉन्टेक्स्ट टाकून दिला गेला. डिफॉल्ट-कंटेंट करा, ड्रायव्हर पुन्हा जमिनीवर येतो. तसंच पान रिफ्रेश केलं किंवा ‘गेट’ने नवा पत्ता उघडला की ड्रायव्हर आपोआप बाहेरच्या डॉक्युमेंटमध्ये येतो, त्यानंतर फ्रेममध्ये नव्याने शिरावं लागतं.

स्विच न करता जावास्क्रिप्टने आयफ्रेमचं ‘कंटेंट-डॉक्युमेंट’ गाठायची युक्ती काही जण सुचवतात. फ्रेम त्याच डोमेनवरचा असेल तर ती चालते. वेगळ्या डोमेनचा असेल तर हातात ‘नल’ येतो, कारण वर सांगितलेला सेम-ओरिजिन नियम तुमच्या स्क्रिप्टलाही लागू आहे. वेबड्रायव्हरच्या स्विचला मात्र डोमेनची आडकाठी नाही. म्हणून सरळ रस्ता धरा.

सगळं करूनही सापडत नसेल तर कदाचित तो फ्रेम नाहीच. डेव्हटूल्समध्ये ‘शॅडो रूट’ अशी ओळ दिसली तर तो शॅडो डॉम, म्हणजे एका एलिमेंटच्या आत लपवलेलं वेगळं झाड. तिथे स्विच चालत नाही, सेलेनियम ४ मध्ये त्या एलिमेंटच्या ‘शॅडो_रूट’मधून पुढे शोधायचं. नवा टॅब उघडला असेल तर विंडो हँडल (टॅबची ओळख) बदलायचं. आणि ‘मी रोबो नाही’ची चौकट आयफ्रेममध्ये असली तरी तिच्याशी झुंजू नका. ती ऑटोमेशन अडवण्यासाठीच आहे. टेस्टच्या वातावरणात ती बंद ठेवायला सांगा, किंवा गूगलने टेस्टिंगसाठी दिलेल्या रीकॅप्चाच्या खास कीज वापरायला सांगा.

तुमच्या टीममध्ये प्लेराइट असेल तर

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेल्या प्लेराइट या ऑटोमेशनच्या साधनात ‘उभं असणं’ ही कल्पनाच काढून टाकली आहे. तिथे ‘फ्रेम_लोकेटर’ने फ्रेम सांगायचा आणि त्याच ओळीत पुढे आतलं एलिमेंट:

पेज.फ्रेम_लोकेटर("आयफ्रेम[टायटल*='पेमेंट']").गेट_बाय_रोल("बटन", नेम="पैसे भरा").क्लिक()

आत गेल्यावर बाहेर यायचं राहिलं, हा प्रकारच उरत नाही, आणि फ्रेम व एलिमेंट दोन्हींसाठी थांबणं आपोआप होतं. फ्रेमच्या आत फ्रेम असेल तर फ्रेम-लोकेटरला आणखी एक फ्रेम-लोकेटर जोडायचा. नवा प्रोजेक्ट सुरू करताना फ्रेम पुष्कळ असतील तर मी प्लेराइटकडे झुकेन. सायप्रस या आणखी एका साधनात उलट परिस्थिती आहे: तुमचं ॲपच तो आपल्या रनरमधल्या एका आयफ्रेममध्ये चालवतो, आणि त्याच्या आतल्या फ्रेमसाठी थेट आज्ञा नसल्याने कंटेंट-डॉक्युमेंटमधून हाताने वाट काढावी लागते.

सराव

सेलेनियम आयडीई हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाकून ‘नेस्टेड फ्रेम्स’च्या पानावर रेकॉर्डिंग करा, आतल्या मजकुरावर क्लिक करत फिरा. नोंदीत ‘सिलेक्ट फ्रेम’ अशा ओळी दिसतील, पुढे ‘इंडेक्स’ किंवा ‘रिलेटिव्ह=पॅरेंट’. तुमचे आत-बाहेरचे फेरे तिथे उमटलेले दिसतात.

मग रेकॉर्डिंग बाजूला ठेवून स्वतः स्क्रिप्ट लिहा: आधी फ्रेम-राइटमधला शब्द वाचायचा, मग फ्रेम-बॉटममधला, मग फ्रेम-लेफ्टमधला, आणि क्रमांक एकदाही वापरायचा नाही. ती पास झाली की स्विचच्या ओळी एकेक करून काढा, दर वेळी रन करा, आणि कोणती ओळ काढल्यावर कोणता एरर कोणत्या ओळीवर आला ते वहीत लिहा. एरर आलेली ओळ आणि काढलेली ओळ यांत किती अंतर आहे, तेही शेजारी मोजून ठेवा.